गुंडेराव डॉक्टरांचे खोकले

गुंडेराव डॉक्टरांना सात प्रकारांनी खोकता यायचं. त्यांना स्वतःला साधं पडसं झालेलंही मी कधी पाहिलं नाही. पण कफाचा, कोरडा, दम्याचा, विडीवाल्याचा, क्षयाचा, घशात काही अडकल्याचा आणि शेवटचा डांग्या, असे सातही खोकले ते कुणी मागेल तेव्हा काढून दाखवत. आमच्या ईट गावात लोक त्यांना माघारी 'खोकले डॉक्टर' म्हणायचे. नव्यानं आलेल्या पोस्टमास्तरांना ते खरंच आडनाव वाटलं आणि वर्षभर ते त्यांना भर बाजारात "नमस्कार, खोकलेसाहेब" म्हणत राहिले. डॉक्टरांनी एकदाही दुरुस्ती केली नाही. "असू द्या की," म्हणायचे, "तेवढाच माणूस रोज आठवणीनं नमस्कार करतो."

मी तुळजापूरची, पुजाऱ्याच्या घरातली. आमचे हे ईटच्या शाळेत मास्तर, म्हणून लग्न होऊन मी ईटला आले. निजामाचं राज्य जाऊन तेव्हा दहाएक वर्षं झाली होती, तरी दवाखान्याच्या जुन्या कपाटावर अजून उर्दू अक्षरं होती आणि डॉक्टर हैदराबादला शिकलेले असल्यामुळं त्यांच्या तोंडात 'हौ' आणि 'नक्को' कायमचे मुक्कामाला होते. दवाखाना आमच्या दारासमोरच. मधे फक्त रस्ता. त्यामुळं गावात तमाशा आला काय आणि न आला काय, मला काही फरक पडत नव्हता.

मी पाहिलेला पहिला खेळ बाजाराच्या दिवशीचा. वाडीवरची एक धनगरीण तीन वर्षांचं पोरगं कडेवर घेऊन आली होती.

"पोरगं खोकतंय," ती म्हणाली.

"कसं खोकतंय?"

"आता खोकल्यागत खोकतंय, आनि कसं?"

डॉक्टर खुर्चीतून उठले. उंच, काटकुळा माणूस; भर वैशाखातही अंगात काळा कोट, आणि कोटाच्या एका खिशात भाजलेले शेंगदाणे. त्यांनी तोंडातला शेंगदाणा गिळला, घसा साफ केला आणि एकेक करून खोकायला सुरुवात केली. प्रत्येक खोकल्यानंतर बाईकडं बघायचे. बाई नाक मुरडायची. "ह्यो न्हाय. ह्योबी न्हाय." साडी बघायला बसल्यासारखी! शेवटी डॉक्टरांनी डांग्या काढला: खो-खो-खो-खो करत एकामागोमाग एक, मधे श्वासाला जागाच नाही, डोळे लाल, जीभ बाहेर, आणि सगळी हवा संपल्यावर कोंबडा आरवल्यागत एक लांब श्वास आत.

"ह्योच!" बाई ओरडली. मग जरा विचार करून म्हणाली, "पर शेवटाला तुमी निम्म्यातच सोडताव. आमचा लई लांब वढतो."

डॉक्टरांनी परत काढला. "आता?"

"आजून थोडं."

नेमक्या त्याच वेळी उस्मानाबादहून मोठे साहेब तपासणीला जीपमधून उतरले. समोर एक माणूस जीभ बाहेर काढून, निळाजांभळा होऊन खांबाला धरून उभा. साहेब कंपाउंडरवर खेकसले, "अरे, बघत काय बसलात? आधी या म्हाताऱ्याला आत घ्या!" डॉक्टरांनी उबळीतूनच हात वर करून सलाम केला. धनगरीण साहेबांना म्हणाली, "सायेब, वाईच थांबा. त्येनला नीट जमू द्या."

नंतर साहेबांनी म्हणे लेखी खुलासा मागितला. डॉक्टरांनी काय लिहून दिलं ते देवाला ठाऊक, पण पुढच्या तपासणीला साहेब आले ते स्वतःच्या नातवाला घेऊन, आणि नातवाचा खोकला कसा आहे ते त्यांनी, दार लावून घेऊन, स्वतः करून दाखवलं.

ह्या सगळ्या नाटकात एक मेख होती, ती मला पुढं कळली. डांग्या खोकल्याचं लेकरू घरी दिवसभर जीव काढतं आणि डॉक्टरसमोर आणलं की शहाण्यासारखं बसून कोटाची बटणं मोजतं. आई बिचारी खोटी पडते. छातीला नळी लावली तर आत काही ऐकू येत नाही. म्हणून डॉक्टरांचा कायदा असा, की खोकला ऐकल्याशिवाय कुणालाही परत धाडायचं नाही. व्हरांड्यात गोणपाट टाकलेलं असायचं, त्यावर आयांनी लेकरं घेऊन बसायचं. डॉक्टर खुर्चीत वर्तमानपत्र तोंडासमोर धरून बसत. वाचत नसत; पान उलटलेलं मी कधी बघितलं नाही. लेकरू पळालं, हसलं, रडलं किंवा भाकरी खाल्ली की उबळ येते, हे त्यांना पक्कं ठाऊक. म्हणून ते वर्तमानपत्रामागून माकडासारखं तोंड करून दाखवायचे. लेकरू खदखदून हसायचं आणि हसता हसता लागायची उबळ. की डॉक्टरांनी वर्तमानपत्र खाली ठेवलंच!

"उलटी झाली का?"

"व्हय."

"आणि उलटी झाल्यावर लेकरू काय करतं? निपचित पडतं?"

"कशाचं पडतंय! भाकर मागतंय."

"मग तोच चोर," डॉक्टर म्हणायचे, आणि त्या लेकराच्या घरातली बाकीची लेकरं दुसऱ्या दिवशी बोलवायचे.

गावात डांग्याची साथ कुठल्या आळीत आहे हे डॉक्टरांना गावाआधी कळायचं. त्याचं गुपित गोदाक्का. गोदाक्का कुंभारवाड्यातली, तिच्याकडं एक गाढवीण होती, आणि डांग्या खोकल्यावर गाढविणीचं दूध हा आमच्याकडं पिढ्यान्‌पिढ्यांचा उतारा. डॉक्टरांचा त्या दुधावर काडीचा विश्वास नव्हता. पण गोदाक्का दवाखान्यावरून गेली की ते तिला थांबवून शेंगदाणे देत.

"आज कुणीकडं खप झाला, गोदाक्का?"

"मारुतीमागं दोन घरं. आन् वरल्या आळीला एक."

डॉक्टर कोट सारखा करून सरळ मारुतीमागं चालू लागायचे. आमच्या ह्यांनी एकदा चिडवलं, "डॉक्टर, शास्त्र शिकलात आणि गाढविणीच्या मागं फिरता?" तर म्हणाले, "मास्तर, सरकारनं मला जीप दिली नाही, शिपाई दिला नाही. ही एक बातमीदार आपणहून चालत येते, तिला नक्को कसं म्हणू?"

आता माझ्या मंदेचं सांगते.

माझी आई लवकर गेलेली, म्हणून बाळंतपण ईटलाच झालं, सासूबाईंनी केलं. बाराव्या दिवशी बारसं. नाव ठेवायचा मान आत्याचा, म्हणून माझी नणंद कमल तामलवाडीहून, तिच्या सासरहून, आली. कमलवन्संनी पाळण्यात वाकून मंदेच्या कानाला तोंड लावलं, कुर्रर्र केलं, आणि आम्ही बायकांनी रीतीप्रमाणं तिच्या पाठीत धपाधप बुक्के घातले. बुक्क्यांनी तिला खोकला आला. आम्ही हसलो. "अगं, आत्या मोडली, आत्या मोडली!" सासूबाई सगळ्यांत मोठ्यानं हसल्या. बारसं झकास झालं.

वन्सं मग बाळंतिणीच्या मदतीला म्हणून राहिल्या. त्यांना मंदेचा भारी लळा. न्हाऊ घालणं, अंगाई म्हणणं, सगळं त्याच करायच्या. फक्त अधूनमधून काम अर्धं टाकून परसात पळायच्या. मला वाटायचं, सासरची आठवण येत असेल, रडायला जात असतील.

मंदा चार आठवड्यांची झाली आणि शिंका द्यायला लागली. नाक वाहायचं. आठवडाभरानं एका दुपारी मी तिला पाजत होते. तिनं चोखायचं थांबवलं. मी बघितलं तर चेहरा लालभडक. मग लाल उतरून ओठाभोवती निळं आलं, हातपाय सैल. आवाज नाही, रडणं नाही, काही म्हणजे काही नाही. मी किंचाळले. सासूबाईंनी तिला उचलून पाठीत थोपटलं, तेव्हा कुठं तिनं श्वास घेतला आणि रडली. माझ्या अंगातलं दूधच आटल्यासारखं झालं.

"दृष्ट," सासूबाई म्हणाल्या. "बारशाला आलेल्यांतल्या कुणाची तरी लागली."

शेजारीण म्हणाली, "न्हाय, आकडी हाय."

हे रस्ता ओलांडून डॉक्टरांना घेऊन आले. डॉक्टर अनवाणीच आले होते. पाळण्याशेजारी पाट मागून घेतला आणि बसले. तासभर काही नाही. मंदा आपली अंगठा शोधतेय. मला वाटलं, आता मी पण खोटी पडणार. आणि मग ते झालं. लाल, निळी, गप्प. डॉक्टरांनी तिला कुशीवर घेतलं, डोकं जरा खाली, बोटाला धडपा गुंडाळून तोंडातला चिकटा काढला, तळपायाला टिचकी मारली. मंदा रडली. डॉक्टरांच्या कपाळावर घाम होता. त्या दिवशी त्यांनी एकही खोकला करून दाखवला नाही.

"मला डांग्याची शंका येतेय," ते म्हणाले.

"पण डॉक्टर," हे म्हणाले, "ती खोकतेय कुठं? एकदासुद्धा खोकली नाही!"

डॉक्टर खाली बघत म्हणाले, "मास्तर, इतक्या लहानग्यात खोकायचंच बळ नसतं. तीन वर्षांचं पोर आरवतं. हे नुसतं थांबतं. मला हे पुस्तकात वाचून माहीत होतं, तरी नोकरीच्या पहिल्या वर्षी एका बाईला म्हणालो, 'तुझं लेकरू खोकत नाही, खोकलं की आण.' तिनं नंतर आणलंच नाही. मीच गेलो तिच्या घरी, तोवर उशीर झाला होता."

मला त्यांचा राग आला आणि त्यांची दयाही आली, दोन्ही एकदम.

अडचण अशी होती, की डॉक्टरांना खात्री हवी होती. आकडी असली तर तिचं औषध झोप आणणारं. ते औषध डांग्यात दिलं तर आधीच अडणारा श्वास आणखी मंद होणार. चुकून चालणार नव्हतं. "पाच आठवड्यांचं लेकरू बाजारात गेलेलं नाही," ते म्हणाले, "म्हणजे बाजार तिच्याकडं आला असणार. घरात कोण खोकतं?"

"कुणी नाही," सासूबाई म्हणाल्या. हे नाही म्हणाले. मी नाही म्हणाले. कमलवन्संनी नुसती मान हलवली.

डॉक्टर बाहेर जाऊन गोदाक्काला विचारून आले. तिनं शपथेवर सांगितलं, "तुमच्या आळीत महिनाभर येक थेंब इकला न्हाय." डॉक्टर परत येऊन पाटावर बसले. खिशात हात घातला, शेंगदाणा काढला, परत ठेवला. तिकडं सासूबाईंनी मीठ, मोहऱ्या, लाल मिरच्या मुठीत घेतल्या होत्या. "तुमचं काय ठरायचं ते ठरू द्या, मी दृष्ट काढते," त्या ठसक्यात म्हणाल्या.

मला वाटलं, आता डॉक्टर भडकणार. तर त्यांचा चेहरा उजळला. "काकू, हौ! काढा. आत्ताच काढा, माझ्यासमोर काढा. मिरच्या किती घेतल्यात?"

"पाच."

"दहा घ्या."

आमचे हे मला हळूच म्हणाले, "डॉक्टरांना ऊन लागलं वाटतं." पण डॉक्टरांनी रीतसर सगळ्यांना चुलीभोवती बसवलं. मंदेवरून मूठ ओवाळून झाली तसे म्हणाले, "वहिनी, बाळाला घेऊन माझ्या व्हरांड्यात जा. धूर तिला नक्को. धूर आम्ही खातो." मी मंदेला पदराखाली घेऊन रस्त्यापलीकडं गेले.

आमच्याकडं असा समज, की मिरच्या चुलीत पडून कुणालाच ठसका लागला नाही तर दृष्ट जबर; ठसका लागला तर दृष्ट नव्हतीच. मी व्हरांड्यात बसून कान देऊन ऐकत होते. पहिला ह्यांचा ठसका. मग सासूबाईंचा. मग डॉक्टरांचा खरा, साधा खोकला. तो मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. आणि मग एकदम खो-खो-खो-खो करत ती लांबलचक माळ आणि शेवटी आरवल्यासारखा तो श्वास! माझं डोकंच फिरलं. म्हटलं, माझं लेकरू इथं मरणाच्या दारात आणि हा माणूस आत नाटकं करतोय! मी तशीच तरातरा रस्ता ओलांडून दारात आले, काय वाटेल ते बोलायच्या तयारीनं.

डॉक्टर तोंडाला रुमाल लावून गप्प उभे होते. खोकत होत्या कमलवन्सं. भिंतीला धरून, जीभ बाहेर, डोळ्यांतून पाणी, आणि शेवटी मोरीत जाऊन उलटी.

"सापडला!" डॉक्टर म्हणाले. "काकू, माझ्या नळीपेक्षा तुमची चूल हुशार."

"ठसका लागला," सासूबाई खोकत म्हणाल्या, "म्हणजे दृष्ट नव्हती म्हणायची."

वन्सं मात्र मोरीतच बसून रडायला लागल्या. डॉक्टरांचे पाय धरायला निघाल्या. "तामलवाडीला कळवू नका हो, डॉक्टर. दीड महिना झाला खोकतेय. आमच्या शेजारच्या सुनेला क्षय झाला, तर तिला माहेरी आणून सोडली ती सोडलीच. मला परत घेणार नाहीत." पोरगी दीड महिना परसात, गोठ्यात, पदर तोंडात कोंबून खोकत होती. आणि बारशाला आम्ही सगळ्या हसत होतो.

डॉक्टरांनी तिला पाटावर बसवलं. ताप येतो का, वजन घटलं का, सगळं विचारलं, छाती नीट तपासली. मग क्षयाचा खोकला काढून दाखवला, त्याच्यापाठोपाठ तिचा. "ऐक. हा क्षय. हा तुझा. आहे का काही सोयरीक? तुला डांग्या झालाय, पोरी. लेकरांचा रोग. तामलवाडीत सांग की, सासूबाई, मला अजून लहान मुलांचे आजार होतात, माझे लाड करा." वन्सं रडता रडता हसल्या आणि हसल्या म्हणून परत उबळ आली. डॉक्टरांनी मान डोलावून ती शेवटपर्यंत ऐकली.

मग मात्र त्यांचा आवाज बदलला. बार्शीहून औषध आणवलं. औषधानं रोग दुसऱ्यांना लागायचा थांबेल, पण उबळी लगेच थांबणार नाहीत, हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगितलं. मंदेवरची नजर कुणीही, एक पळभरही हलवायची नाही. पाजायचं थोडं थोडं, उबळ येऊन गेल्यावर. उलटी झाली तर परत पाजायचं. कुशीवर कसं घ्यायचं ते उशी घेऊन आमच्या ह्यांच्याकडून दहा वेळा करवून घेतलं, आणि हे उशीचं डोकं वर धरायचे म्हणून मास्तरांना मास्तरासारखे ओरडले. वन्सं तोंडाला पदर बांधून खोलीच्या कोपऱ्यात बसायच्या, लांबून मंदेच्या ओठांकडं बघायच्या, आणि रंग बदलला की थाळी वाजवायच्या. सगळ्यांत आधी त्यांनाच कळायचं. आमच्या पाळ्या वाटून घेतलेल्या होत्या. वन्संनी स्वतःची कधी संपू दिली नाही.

तीन आठवडे मी देवाला काही मागितलं नाही, भीतीच वाटायची मागायची.

मग एका सकाळी मंदा खोकली. मोठ्यानं, खणखणीत, शेवटी आरवून. आम्ही सगळे गार. मी तिला घेऊन धावत दवाखान्यात. डॉक्टरांनी ऐकलं आणि टाळी वाजवली. "वा! काय खोकली! वहिनी, आता हिच्यात बळ आलं. निळी पडत नाही, आता आवाज करते. असाच आवाज करू दे." व्हरांड्यातल्या आयांना त्यांनी उभं करून सांगितलं, "ऐका गं, हा खरा डांग्या. माझा कच्चा होता." मी तिथंच गोणपाटावर बसून रडले.

त्यानंतर महाराष्ट्र राज्य झालं आणि पुढच्या उन्हाळ्यात डॉक्टरांच्या बदलीचा हुकूम आला. मंदा तेव्हा दीड वर्षाची. एस्टी बाजारतळावर उभी राहायची, तिथं अर्धं गाव जमलं होतं. डॉक्टर खिडकीशी बसले होते, काळ्या कोटात. कंडक्टरनं घंटी मारली आणि माझ्या कडेवरची मंदा खोकली. दोनदा, तीनदा.

माझा चेहराच पडला असावा. पडसं आलं की जुना सूर पुढं कित्येक महिने परत येऊ शकतो, हे डॉक्टरांनीच सांगितलेलं होतं. ते गाडी थांबवून खाली उतरले.

"डॉक्टरसाहेब, टायम झालाय," कंडक्टर म्हणाला.

"हौ, माझाही झालाय," डॉक्टर म्हणाले, आणि मंदेसमोर कान पुढं करून उभे राहिले.

मंदेनं ओठ घट्ट मिटले. एक मिनिट गेलं. दोन गेली. ड्रायव्हरनं इंजिन बंद केलं. खिडक्यांतून माना बाहेर आल्या. एक म्हातारा हात जोडून म्हणाला, "खोक की गं माय, भूमला कोर्टात जायचंय आमाला." कुणी हसलं नाही. अख्खी एस्टी श्वास धरून एका पोरीच्या खोकल्याची वाट बघत होती.

शेवटी मंदा खोकली. डॉक्टरांनी डोळे मिटून ऐकलं, पण सांगितलं काहीच नाही. माझ्याकडं बघून म्हणाले, "वहिनी, तुम्ही सांगा. कुठला?"

"मला काय कळतंय, डॉक्टर!"

"तुमच्याइतकं कुणी ऐकलंय? सांगा. उद्या मी नाही."

मंदा परत खोकली. मी ऐकलं. मधे श्वास होता, शेवटी काही नव्हतं.

"पडसं," मी म्हणाले.

"पक्कं?"

"पक्कं."

"मग जातो मी," म्हणून त्यांनी मंदेच्या गालाला बोट लावलं आणि गाडीत चढले. त्यानंतर ते मला दिसले नाहीत. एस्टी गेली. धुरळ्यानं मंदा पुन्हा खोकली, आणि विचारायला समोर कुणी नव्हतं. मी कान दिला. पडसंच होतं.